जुनी गाडी, नवा कज्जा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर बोलायचे ठरले तेव्हा एकदोघांनी विचारले, की कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत हा विषय कशाला? मंडपाबाहेर उभ्या असलेल्या जीपा, पिकअप आणि मोटारी मोजून या. त्यांतल्या शोरूममधून कोऱ्या आलेल्या किती आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या किती? कोरडवाहू शेतकरी कोरी गाडी घेत नाही. एखादे बरे वर्ष येते, कापसाचा चुकारा हातात पडतो, घरात म्हातारीला दवाखान्यात न्यायची अडचण असते, पोरगा म्हणतो भाजीपाला बाजारात नेता येईल. मग तीन-साडेतीन लाखांची जुनी गाडी दारात येते. महिन्याभराने तिचे इंजिन धूर ओकायला लागते. मिस्त्री सत्तर हजार सांगतो.

सत्तर हजार म्हणजे किती? कापूस सात हजार रुपये क्विंटल धरा, दहा क्विंटल झाला. आपल्या हलक्या जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल आला तर दोन-अडीच एकराची वर्षाची मेहनत त्या धुरात गेली. म्हणून हा विषय बैठकीत आला आहे.

बैलबाजारात आपल्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो. मारका आहे का, बसका आहे का, हे चारचौघांत विचारतो आणि बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावे हातात धरत नाही. तोच माणूस गाडीच्या डीलरकडे गेला की त्याला काय होते कोण जाणे. पॉलिश मारलेला बॉनेट दिसतो, डीलर खुर्ची देतो, चहा मागवतो आणि म्हणतो, "काका, सिंगल हँड गाडी आहे, डॉक्टरसाहेबांची. दवाखाना ते घर, एवढीच चालली." महाराष्ट्रात जेवढ्या जुन्या गाड्या विकल्या जातात तेवढे डॉक्टर असतील असे मला वाटत नाही. पण आपण मान हलवतो, इसार देतो आणि पावती मागायची विसरतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जुन्या गाडीतला प्रत्येक बिघाड ही फसवणूक नव्हे. आठ वर्षे चाललेल्या गाडीची क्लचप्लेट जाणार, बॅटरी बसणार, ब्रेकचे लायनर घासणार. ती झीज आहे, ती किमतीत धरलेली असते आणि तिच्यासाठी डीलरच्या दारात जाऊन आरडाओरडा केला तर आपलाच वेळ जातो. भांडण करायचे ते लपवलेल्या गोष्टींसाठी. मीटर मागे फिरवले, अपघातात वाकलेली चेसी वेल्डिंग करून दिली, पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली, कर्जाचा बोजा असताना गाडी मोकळी आहे असे सांगितले, ही फसवणूक. या दोन गोष्टींची गल्लत झाली की खरी तक्रारसुद्धा ऐकणाऱ्याला रडगाणे वाटते.

मी शेतीचा पदवीधर, इंजिनाचा नव्हे. पण जे ज्ञान दहा मिनिटांत कामाला येते ते सांगतो. गाडी बघायला जाल तेव्हा न कळवता सकाळी लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर समजा, की तुमच्यासाठी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या किल्लीला कसे उठते आणि तेव्हा कुठल्या रंगाचा धूर टाकते यात अर्धी कुंडली कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. डिझेलवर काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल तर इंजिनात पाणी जात असण्याचा संशय घ्या. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचे झाकण सांभाळून उघडायला सांगा. आतून धुराचे भपकारे जोराने येत असतील तर रिंगा संपत आल्या आहेत. काही जण जाड ऑइल आणि वरून एखादे औषध ओतून हा धूर आठ-पंधरा दिवस दाबतात, म्हणून ऑइलची कांडी काढून तेल बोटावर घेऊन बघा.

मीटरवर विश्वास ठेवू नका, पायाखाली बघा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही, स्टिअरिंगची कातडी सोलवटत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी अंक असतो. ३२१९ असेल तर २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला टायर. मीटर थोडे चाललेले आणि चारही टायर बदललेले, असे कसे? विम्याची चालू पॉलिसी मागा आणि तिच्यात नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. हा बोनस दरवर्षी वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. आठ वर्षांच्या एकाच मालकाच्या गाडीवर बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी काय झाले होते, हा प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे.

पुराच्या गाडीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण कोरडवाहू भागातल्या माणसाला पुराची आठवणच येत नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात पूर आला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या अशा गाड्या लिलावात जातात, कोणीतरी त्या सुकवतो, नवे सीट कव्हर चढवतो आणि जिथे पुराची कोणाला शंका येणार नाही अशा दूरच्या तालुक्यात आणून विकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचला, सीटच्या बोल्टांना गंज आहे का बघा, दिव्यांच्या काचेत आतून ओल आहे का बघा. काचा लावून पाच मिनिटे आत बसा. ओल्या पोत्यासारखा वास अत्तराच्या बाटलीनेही जात नाही.

आता कागद. सातबाऱ्यावर बोजा चढतो हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. गाडीच्या आरसीवरही तसाच बोजा चढतो, त्याला हायपोथिकेशन म्हणतात. कर्ज फिटले असे तोंडी सांगून चालत नाही. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत तो बोजा उतरवावा लागतो. परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की बोजा, विमा, फिटनेस अशा गोष्टी दिसतात. थकलेले ई-चलानही तपासता येते. गावातला दहावीचा पोरगा पाच मिनिटांत काढून देईल. आरसीवरचा चेसी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर एकच आहे का, हे कागद ठेवून पेन्सिलने छाप काढून ताडून बघा. आकडे खरवडलेले दिसले तर घासाघीस करू नका, उठून या.

स्वस्तात मिळणाऱ्या दिल्लीच्या गाड्यांबद्दल एवढेच, की त्यामागे कारण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि भोवतालच्या भागात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत वळल्या. त्या घेणे गुन्हा नाही. पण तिथल्या आरटीओचे ना हरकत पत्र म्हणजे फॉर्म २८, इथला कर आणि इथला नवा नंबर हे सगळे खर्च किमतीत मिळवा, मग स्वस्त की महाग ते ठरवा.

सौद्याच्या दिवशी काय करायचे? व्यापाऱ्याने कापूस मोजला तर आपण काटापट्टी मागतो. इथेही तेच. डीलर म्हणेल, "काका, पक्के बिल घेतले तर अठरा टक्के वाढतील." ही थाप आहे. नोंदणीकृत डीलरच्या जुन्या गाडीवरचा अठरा टक्के जीएसटी गाडीच्या पूर्ण किमतीवर लागत नाही, त्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. पंचवीस हजारांचा फरक असेल तर कर साडेचार हजार. तीन लाखांवर चोपन्न हजारांची भीती दाखवून तो तुम्हाला बिलापासून दूर ठेवतो, कारण बिल नसेल तर उद्या तुम्ही त्याच्याकडून गाडी घेतली हेच सिद्ध होणार नाही. पैसे बँकेतून द्या. इसार दिला तर इसारपावतीवर गाडीचा नंबर, मीटरचा आकडा, राहिलेली रक्कम आणि व्यवहार मोडला तर इसाराचे काय, हे लिहून घ्या. आणि डीलरने जे जे तोंडाने सांगितले, अपघात नाही, पुरातली नाही, मीटर खरे आहे, इंजिनाची सहा महिने हमी, ते सगळे बिलावर किंवा वेगळ्या कागदावर त्याच्या सही-शिक्क्याने घ्या. जो माणूस बोलतो पण लिहून देत नाही, त्याने खरे काय ते सांगूनच टाकले.

एक नवा नियम बहुतेकांना माहीत नाही. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि ते पाच वर्षे चालते. मूळ मालक गाडी अशा डीलरच्या ताब्यात देतो तेव्हा फॉर्म २९सी ने तसे कळवायचे असते, आणि तिथून पुढे जबाबदारी डीलरची. म्हणून दुकानात गेल्यावर भिंतीवरच्या देवाच्या फोटोंइतकेच या अधिकारपत्राकडेही बघा. "मी फक्त मध्यस्थ, मालकाशी तुमचे तुम्ही बघा," असे म्हणणाऱ्याकडे ते बहुधा नसते.

इतके करूनही गाडी खराब निघाली, तर? इथे आपली माणसे पहिल्या दोन दिवसांतच केस हरतात. रागाने डीलरला फोनवर शिव्या देतात, त्याने उलट शिवी दिली की विषय तिथेच संपतो. नाहीतर गावच्या मिस्त्रीकडून इंजिन खोलून घेतात. खोललेल्या इंजिनावर डीलर म्हणणार, माझ्याकडून नेले तेव्हा चांगले होते, तुमच्या मिस्त्रीने बिघडवले. आणि ते खोटे आहे हे तुम्हाला दाखवता येणार नाही. दोष होता हे दाखवायची जबाबदारी आपली असते, हे लक्षात ठेवा.

म्हणून गाडी थांबवा. मोबाइलवर धूर, आवाज, मीटरचा आकडा यांचे चित्रण करा. त्याच दिवशी डीलरला लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा आणि पोस्टानेही पाठवा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात सामील झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पत्रात शिव्या नकोत, तारखा हव्यात. गाडी कधी घेतली, काय सांगितले होते, काय निघाले, काय हवे आणि किती दिवसांत. मागणी नेमकी करा. दुरुस्तीचा खर्च, किंवा किमतीतला फरक, किंवा गाडी परत आणि पैसे परत. पंधरा दिवसांची मुदत द्या. मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेऊन, दुरुस्ती न करता, लेखी तपासणी अहवाल घ्या. त्यांच्या संगणकात जुनी सर्व्हिसिंगची नोंद असते. कुठल्या तारखेला किती किलोमीटर होते ते कळले, तर मागे फिरवलेल्या मीटरचा पुरावा त्या एका कागदात मिळतो. दुरुस्ती करावीच लागली तर काढलेला सुटा भाग घरी आणा, भंगारात देऊ नका.

गाडी कर्जावर असेल तर रागाने हप्ते थांबवू नका. डीलरशी भांडण वेगळे, बँकेशी करार वेगळा. हप्ता थकला की गाडी उचलायला येणारा तुमची कहाणी ऐकत नाही. आणि डीलर तडजोडीला तयार झाला, चेक दिला, तर "पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला" या ओळीखाली चेक वटल्यावरच सही करा. चेक परत आला तर बँकेचे कळवणे मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करायची असते. या मुदती चुकवून चालत नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी अडचण कायद्याची नाही, लाजेची आहे. शेतकऱ्याला फसल्याचे सांगायची लाज वाटते. गाव हसेल, सासरवाडीला कळेल. मग तो काय करतो? गप्प बसतो, इंजिनात तेच जाड ऑइल ओततो आणि दिवाळीनंतर तीच गाडी शेजारच्या गावच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधतो. डीलरने सांगितलेली डॉक्टरसाहेबांची गोष्टही सोबत देतो. हे बोलणे काहींना बोचेल, पण खोटे आहे असे कोणी हात वर करून सांगावे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधी कधी तेवढ्यानेही डीलर नरम येतो. नाही आला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नव्याने झाला आणि २०२० च्या जुलैपासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावायची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते. आणि गाडी नागपुरातून घ्या की पुण्यातून, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. बिलाच्या तळाशी "अमुक शहराच्या न्यायालयाच्या हद्दीत" अशी बारीक ओळ छापलेली असते, तिला घाबरून घरी बसू नका. जुनी किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून खपवणे आणि बिल न देणे, या दोन्ही गोष्टी याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. "जशी आहे तशी विकली" असे लिहून घेतले असले तरी उघड दिसणाऱ्या दोषाला ते लागू पडेल. मुद्दाम लपवलेल्याला, खोटे सांगून विकलेल्याला त्या ओळीची ढाल पुरत नाही.

डीलरचा वकील म्हणेल, शेतकरी ग्राहकच नव्हे, तो धंद्यासाठी गाडी घेतो. बियाण्याच्या कंपन्यांनीही हेच म्हटले होते. २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे असे ठणकावून सांगितले. स्वतःच्या पोटासाठी, स्वतः चालवून कमाई करायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी ठरत नाही. चार पिकअप घेऊन ड्रायव्हर ठेवून भाड्याने फिरवणाऱ्याची गोष्ट निराळी. बियाण्याच्या वादात आपली पंचाईत अशी, की पेरलेले बी परत दाखवता येत नाही. गाडी तर दारात उभी असते. आयोग ती योग्य ठिकाणी तपासायला पाठवू शकतो.

निकाल लवकर लागेल असे आश्वासन मी देणार नाही. कायद्यात तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. कायद्यातले महिने आणि कॅलेंडरातले महिने सारखे नसतात, हे तुम्हाला पीकविम्याने शिकवले आहे. म्हणून मिळण्यासारखी तडजोड समोर आली तर ती नाकारण्याआधी हिशेब करा.

गाडी डीलरकडून न घेता पाहुण्याकडून किंवा शेजाऱ्याकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडत नाही, कारण तो व्यापारी नाही. तिथे दिवाणी दावा. फसवणूक उघड असेल तर पोलीस. चारशेवीस कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरा झाले आहे. चारसोवीसगिरी तेवढीच राहिली.

शेवटचा मुद्दा, आपण गाडी विकतो तेव्हाचा. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी डीलरच्या अंगणात सोडून येणारे इथे कमी नसतील. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या प्रकरणात निकाल दिला. ती गाडी हातोहात तीन-चार जणांकडे गेली होती, आरटीओत नाव कोणीच बदलले नव्हते, आणि २००९ साली तिचा अपघात होऊन एक मूल दगावले. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी टाकली ती आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव होते त्या पहिल्या मालकावर. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून तो निश्चिंत बसला होता. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत घेणाऱ्याच्या नावावर करायला टाका, नाहीतर गाडीच्या नुकसानीच्या क्लेमला विमा कंपनी आयते निमित्त काढते.

जेवणानंतर डाव्या बाजूच्या टेबलावर आपले कार्यकर्ते बसतील. ज्यांनी आरसी आणि बिल सोबत आणले आहे त्यांनी या, 'वाहन'वर नंबर टाकून बोजा आणि नाव तपासून देऊ. ज्यांची गाडी गेल्या दोन वर्षांत डीलरकडून घेतलेली आहे आणि दोष लपवलेला होता, त्यांनी तारखांसह कागदावर लिहून आणा. पत्राचा मसुदा तिथेच करून देऊ आणि आजच पोस्टात टाकू. ज्यांच्याकडे बिलच नाही, त्यांनीही या. बँकेची नोंद किंवा फोनमधले मेसेज यांतून काय उभे करता येते ते बघू.